शंटवरून बॅटरीचा करंट मोजताना एडीएस१११५ चे डिफरन्शियल इनपुट कसे लावावेत

१२ व्होल्टच्या बॅटरीतून किती अँपिअर जातात हे मोजायला बाजारात ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट, म्हणजे करंटच्या वाटेत घालायचा अगदी कमी रोधाचा तुकडा, सहज मिळतो. ५० अँपिअर गेले की त्याच्या दोन टोकांत ७५ मिलिव्होल्टचा फरक दिसतो, म्हणजे त्याचा रोध १.५ मिलिओहम. आता हे ७५ मिलिव्होल्ट अर्डुइनो उनोच्या अ‍ॅनालॉग पिनवर दिले तर काय होते? उनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १० बिटांचा आहे. ५ व्होल्टवर त्याची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. म्हणजे ० ते ५० अँपिअरची सगळी पट्टी १५ पायऱ्यांत उरकते आणि एक पायरी सव्वातीन अँपिअरची होते. घरातला एलईडी दिवा चालू आहे की बंद, हेसुद्धा त्यावरून कळणार नाही.

बरेच जण यावर एक तोडगा काढतात. शंटची दोन टोके दोन वेगवेगळ्या पिनांवर जोडायची, दोन रीडिंग घ्यायची आणि प्रोग्रॅममध्ये वजाबाकी करायची. ही वजाबाकी फसवी आहे. दोन रीडिंग एकाच क्षणी घेतलेली नसतात, त्यामुळे मधल्या काळात दोन्ही तारांवर सारखाच आलेला ५० हर्ट्झचा गुणगुणाट वजा होत नाही, उलट रीडिंगमध्ये उतरतो. पायरीची जाडीही तशीच राहते. खऱ्या डिफरन्शियल इनपुटात दोन पिनांमधला फरक चिपच्या आतच, एकाच वेळी घेतला जातो. मोजला जातो तो फक्त फरक.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एडीएस१११५ ही चिप अशा कामाला सोयीची आहे. १६ बिट, आय-टू-सी ही दोन तारांची (डेटा आणि क्लॉक) जोडणी, २ ते ५.५ व्होल्टवर चालणारी, सेकंदाला ८ पासून ८६० पर्यंत रीडिंग देणारी. मोजणीसाठी लागणारे ठरावीक व्होल्टेज, म्हणजे रेफरन्स, तिच्या आतच आहे आणि गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, बदलता येतो. चार इनपुट पिन आहेत, त्यांच्या दोन स्वतंत्र डिफरन्शियल जोड्या होतात. खालचे सगळे आकडे याच चिपचे आहेत. दुसरी चिप वापरणार असाल तर विचार तोच ठेवा, आकडे त्या चिपच्या डेटाशीटमधून घ्या.

दुसरी चिप निवडताना ‘डिफरन्शियल’ या शब्दावर मात्र भुलू नका. एमसीपी३००८ मध्येही डिफरन्शियल मोड आहे. पण त्यात ऋण पिन ग्राउंडपासून १०० मिलिव्होल्टच्या आतच ठेवावी लागते, आणि धन पिन ऋण पिनेच्या खाली गेली की रीडिंग शून्यावर अडकते. त्याला स्यूडो-डिफरन्शियल म्हणतात. करंट दोन्ही दिशांनी वाहणार असेल, तर तो बॅटरीसाठी निरुपयोगी.

वायर जोडण्याआधी ग्राउंडचा निर्णय

यात चुकणारे लोक प्रोग्रॅममध्ये क्वचित चुकतात. चूक बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असते आणि तीही एकाच गैरसमजातून: डिफरन्शियल इनपुट आहे, म्हणजे ग्राउंडशी काही संबंध नाही. हे खरे नाही. चिप फरकच मोजते, पण दोन्ही पिनांचे व्होल्टेज तिच्या स्वतःच्या ग्राउंड आणि सप्लायच्या दरम्यान असावे लागते. ग्राउंडच्या ०.३ व्होल्ट खाली किंवा सप्लायच्या ०.३ व्होल्ट वर ही तिची शेवटची हद्द. त्यापलीकडे आतले संरक्षक डायोड वाहू लागतात आणि पिनेतून सतत १० मिलिअँपिअरपेक्षा जास्त गेले तर चिपचा भरवसा संपतो.

म्हणून शंट बॅटरीच्या धन बाजूला बसवून त्याच्या तारा थेट एडीएस१११५ ला जोडू नका. फरक ७५ मिलिव्होल्टचाच असला तरी दोन्ही तारांवर साडेबारा व्होल्ट उभे असतात. चिप जोडताक्षणी जाते.

‘दोन्ही तारांवर दोन-दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर लावू, व्होल्टेज चौथाई करू’ हा उपायही कागदावरच बरा दिसतो. १ टक्क्याचे रेझिस्टर घेतले, तर दोन डिव्हायडरांमधली तफावत वाईटात वाईट ३ टक्क्यांपर्यंत जाते. १२.६ व्होल्टचा चौथा भाग ३.१५ व्होल्ट, त्याचे ३ टक्के म्हणजे ९४ मिलिव्होल्टहून जास्त. आणि मोजायचा सिग्नल? तोही चौथाई होऊन १८.७५ मिलिव्होल्ट उरलेला. चूक सिग्नलच्या पाचपट. धन बाजूनेच मोजायचे असेल तर आयएनए२२६ घ्या. ती ३६ व्होल्टपर्यंतचे कॉमन-मोड, म्हणजे दोन्ही तारांवर सारखेच असलेले व्होल्टेज, सहन करते आणि तिची शंट पट्टी ±८१.९२ मिलिव्होल्टची, म्हणजे ७५ मिलिव्होल्टच्या शंटला जणू मापून शिवलेली. त्या कामात एडीएस१११५ ला ओढण्यात अर्थ नाही.

इथे आपण शंट ऋण बाजूला, बॅटरीचा ऋण पोल आणि लोडची ऋण तार यांच्या मध्ये बसवणार आहोत. बॅटरीतून करंट बाहेर जाताना शंटचे लोडकडचे टोक बॅटरीकडच्या टोकापेक्षा किंचित वर असते. म्हणून मॉड्यूलचा, म्हणजे एडीएस१११५ बसवलेल्या छोट्या बोर्डचा, ग्राउंड शंटच्या बॅटरीकडच्या बाजूला बांधा. शून्य क्रमांकाची इनपुट पिन लोडकडच्या टोकाला, एक क्रमांकाची बॅटरीकडच्या टोकाला. डिस्चार्जचे रीडिंग धन येईल.

चार्जिंगच्या वेळी काय? सोलर कंट्रोलर लोडच्या बाजूला जोडलेला असेल तर करंट उलटा वाहतो आणि शून्य क्रमांकाची पिन ग्राउंडच्या खाली जाते. ५० अँपिअरला उणे ७५ मिलिव्होल्ट. हे चिपच्या नुकसानीच्या हद्दीत येत नाही, पण तिच्या शिफारस केलेल्या कामाच्या पट्ट्याबाहेर आहे. प्रत्यक्षात रीडिंग येते आणि बरोबरही दिसते, पण त्या भागातल्या अचूकतेची हमी कोणी देत नाही. १५-२० अँपिअरच्या घरगुती सोलरसाठी आम्ही हे चालवून घेऊ. नेमके मोजायचे असेल तर पुढे आयसोलेशनची, म्हणजे चिपचा सप्लाय आणि ग्राउंड वेगळे करण्याची, पद्धत दिली आहे.

आणखी एक हिशेब करून ठेवा. १.५ मिलिओहमवर २०० अँपिअर म्हणजे ०.३ व्होल्ट. लोडच्या बाजूला कुठे शॉर्ट झाला तर २०० अँपिअर सहज ओलांडले जातात. धन तारेत बॅटरीपाशीच फ्यूज नसेल तर बाकीचे काम थांबवून आधी तो बसवा.

शंटपासून चिपपर्यंत

शंटवर चार स्क्रू असतात. दोन जाड बोल्ट करंटच्या केबलसाठी, दोन बारीक स्क्रू मापनासाठी. मापनाच्या तारा बारीक स्क्रूवरच लावायच्या. जाड बोल्टाखाली केबलच्या लगसोबत दाबून टाकल्या तर लग आणि बोल्ट यांच्यामधला रोधही मोजला जातो. तो नुसता अर्धा मिलिओहम निघाला तरी रीडिंग ३३ टक्क्यांनी फुगते. शिवाय बोल्ट सैल झाला की बदलते, गरम झाला की बदलते. महिन्याभराने रीडिंग सरकले असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा.

दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्या, सेंटिमीटरला एखादा पीळ पुरतो. एक तार इकडून आणि दुसरी तिकडून नेली, तर मधल्या मोकळ्या जागेत इन्व्हर्टरचे चुंबकीय क्षेत्र शिरते. ती गडबड दोन्ही तारांवर सारखी पडत नाही, आणि सारखी नसलेली गडबड डिफरन्शियल इनपुटलाही काढता येत नाही.

आता फिल्टर. लागणारे सामान इतकेच:

- १०० ओहमचे १ टक्क्याचे दोन रेझिस्टर
- १ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, फिल्म किंवा एक्स७आर प्रकारचा सिरॅमिक
- ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर
- मॉड्यूलवर आधीच नसेल तर सप्लायसाठी आणखी एक ०.१ मायक्रोफॅरड

प्रत्येक तारेत एक रेझिस्टर. १ मायक्रोफॅरड दोन इनपुट पिनांच्या मध्ये, आणि ०.१ चा एकेक प्रत्येक पिनेपासून ग्राउंडला. कपॅसिटर चिपच्या जितके जवळ बसतील तितके बरे. मधला कपॅसिटर ग्राउंडकडच्यांच्या दहापट ठेवायचा, त्यामागे कारण आहे. ग्राउंडकडचे दोन कपॅसिटर कधीच तंतोतंत सारखे नसतात, आणि त्यांच्या फरकामुळे दोन्ही तारांवरची सारखी गडबड असमान होऊन आत शिरते. मधला मोठा कपॅसिटर ती असमानता गिळतो. या किमतींना फिल्टरची मर्यादा साधारण ७६० हर्ट्झ येते. चिपचा मॉड्युलेटर २५० किलोहर्ट्झवर चालतो, त्या आसपासची चार्जर-इन्व्हर्टरची स्विचिंगची कचकच याने बरीच दबते.

रेझिस्टर १०० ओहमचेच का, हेही पाहू. ±०.२५६ व्होल्टच्या पट्टीवर चिपचा डिफरन्शियल इनपुट रोध सुमारे ७१० किलोओहम असतो. तारेत १०० अधिक १०० ओहम घातले तर चूक ०.०३ टक्के. त्याऐवजी १ किलोओहमचे दोन घातले तर ती ०.२८ टक्के होते. कॅलिब्रेशनमध्ये ती काढता येते, आणि संरक्षण जास्त मिळते. १० किलोओहम मात्र घालू नका. चूक पावणेतीन टक्क्यांवर जाते आणि चिप बदलली की आकडाही बदलतो.

हे रेझिस्टर शंटच्या टोकाशी बसवायचे, चिपच्या टोकाशी नाही. मापनाची तार वाटेत कुठे सोलली जाऊन बॅटरीच्या धन तारेला टेकली, तर १०० ओहममधून जेमतेम १२६ मिलिअँपिअर जातात. रेझिस्टर धुरावतो आणि चिपही जाऊ शकते, पण तार पेटत नाही. रेझिस्टर चिपच्या टोकाशी असेल तर पूर्ण बॅटरी त्या बारीक तारेतून रिकामी व्हायला निघते.

मॉड्यूलचा आणि कंट्रोलरचा, म्हणजे उनो किंवा इएसपी३२ बोर्डचा, ग्राउंड एकाच जागी बांधा, हे पुन्हा सांगायला हवे. मॉड्यूलचा ग्राउंड शंटच्या बॅटरीकडे आणि कंट्रोलरच्या सप्लायची ऋण तार लोडकडे, असे झाले की दोन ग्राउंड मॉड्यूलमधून जोडले जातात आणि शंटला समांतर एक चोरवाट तयार होते. त्या वाटेचा रोध ३० मिलिओहम धरला, तर ५० अँपिअरपैकी जवळपास २.४ अँपिअर तिथून जातात. रीडिंग ५ टक्के कमी दिसते आणि जंपर वायर कोमट लागते. प्रोग्रॅम चाचणीसाठी लॅपटॉप यूएसबीने जोडला, आणि त्याचा चार्जर त्याच बॅटरीच्या लोडकडच्या ऋण तारेवर असलेल्या कार अ‍ॅडॅप्टरवर, तरी हेच घडते. लॅपटॉप काढला की आकडा सुधारतो, आणि माणूस यूएसबी केबलला दोष देत बसतो.

कंट्रोलरचा सप्लाय बॅटरीकडच्या टोकावरून घेतला तर कंट्रोलर स्वतः खातो तो करंट मोजणीत धरला जात नाही. इएसपी३२ सारख्या बोर्डसाठी तो ०.१ ते ०.२ अँपिअर असू शकतो. बॅटरीत किती चार्ज उरला याचा हिशेब महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर तेवढे प्रोग्रॅममध्ये वेगळे मिळवा.

एक मोह होतो: एक क्रमांकाची पिन नाहीतरी शून्य व्होल्टवरच आहे, मग ती मॉड्यूलच्या ग्राउंडलाच का जोडू नये? एक तार वाचेल. वाचेल खरी, पण कंट्रोलरचे २०० मिलिअँपिअर ग्राउंडच्या तारेतून परत जातात. त्या तारेचा आणि कनेक्टरचा रोध ०.१ ओहम असेल तर तिथे २० मिलिव्होल्ट पडतात. १.५ मिलिओहमच्या शंटच्या भाषेत ते १३ अँपिअर होतात! वायफाय चालू झाले की करंट वाढतो, बंद झाले की कमी होतो, आणि बॅटरीवर लोड काहीच नसतो. ती दुसरी तार याचसाठी आहे.

कॉन्फिगरेशन रजिस्टर

चिपचा आय-टू-सी पत्ता तिची एडीडीआर पिन ठरवते. ती ग्राउंडला असेल तर दशमान ७२, सप्लायला असेल तर ७३, डेटा तारेला ७४ आणि क्लॉक तारेला ७५. बहुतेक मॉड्यूलवर ती रेझिस्टरने ग्राउंडला ओढलेली असते, म्हणून ७२.

इएसपी३२ वापरत असाल तर मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्या. डेटा आणि क्लॉक तारा वर ओढून धरणारे मॉड्यूलवरचे पुल-अप रेझिस्टर मॉड्यूलच्या सप्लायला जोडलेले असतात. ५ व्होल्ट दिले तर डेटा आणि क्लॉकवरही ५ व्होल्ट चढतात, आणि इएसपी३२ च्या पिना तेवढ्यासाठी बनवलेल्या नाहीत. ३.३ व्होल्टवर मोजणीत काही कमी होत नाही, कारण रेफरन्स चिपच्या आत आहे.

एक क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये १६ बिट लिहायचे असतात. वरच्या बाइटपासून क्रमाने वाचा:

पहिला बिट १ दिला की एकेरी मोडमध्ये रूपांतर सुरू होते. त्यानंतरचे तीन बिट जोडी ठरवतात. ००० म्हणजे शून्य वजा एक, ००१ म्हणजे शून्य वजा तीन, ०१० म्हणजे एक वजा तीन, ०११ म्हणजे दोन वजा तीन. १०० पासून १११ पर्यंत चारही पिना ग्राउंडच्या तुलनेत, म्हणजे सिंगल-एंडेड. पुढचे तीन बिट पट्टीचे, आणि त्यांच्यासाठी हा तक्ता (काउंट म्हणजे रीडिंगची एक पायरी):

| बिट | पट्टी (व्होल्ट) | एक काउंट (मायक्रोव्होल्ट) | ७५ मिलिव्होल्टचे काउंट |
|---|---|---|---|
| ००० | ±६.१४४ | १८७.५ | ४०० |
| ००१ | ±४.०९६ | १२५ | ६०० |
| ०१० | ±२.०४८ | ६२.५ | १२०० |
| ०११ | ±१.०२४ | ३१.२५ | २४०० |
| १०० | ±०.५१२ | १५.६२५ | ४८०० |
| १०१ | ±०.२५६ | ७.८१२५ | ९६०० |

±६.१४४ ही पट्टी निवडली म्हणून पिनेवर ६ व्होल्ट देता येतात असे नाही. पिनेची हद्द सप्लायच ठरवतो.

शंटसाठी १०१ घ्या. ५० अँपिअरला ९६०० काउंट, म्हणजे एक काउंट ५.२०८ मिलिअँपिअर. पट्टी १७० अँपिअरपर्यंत पुरते, त्यामुळे पंप किंवा इन्व्हर्टर सुरू होतानाचा झटका कापला जात नाही. तीन जागी करंट मोजायचा असेल तर जोड्यांच्या यादीकडे परत पाहा. तीन क्रमांकाची पिन सामाईक ठेवली तर शून्य, एक आणि दोन अशा तिन्ही पिना तिच्याशी ताडता येतात. मात्र त्या तिन्ही शंटचे एक टोक एकाच जाड तांब्याच्या पट्टीवर असले पाहिजे.

वरच्या बाइटचा शेवटचा बिट मोडचा: १ म्हणजे एकेरी, ० म्हणजे अखंड. खालच्या बाइटचे पहिले तीन बिट वेग ठरवतात. ००० म्हणजे सेकंदाला ८, पुढे १६, ३२, ६४, १२८, २५०, ४७५ आणि १११ म्हणजे ८६०. उरलेले पाच बिट कम्परेटरचे. तो नको असेल तर ०००११.

हे जुळवले की शून्य-एक जोडी, ±०.२५६ व्होल्ट, एकेरी मोड, सेकंदाला १२८ यासाठी वरचा बाइट १०००१०११, म्हणजे दशमान १३९, आणि खालचा १०००००११, म्हणजे १३१. दोन-तीन जोडीसाठी वरचा १८७, खालचा तोच. वेग ८६० हवा असेल तर खालचा २२७.

वाचण्याचा क्रम असा:

१. पत्ता ७२ ला तीन बाइट लिहा: १, १३९, १३१.
२. ९ मिलिसेकंद थांबा. १२८ च्या वेगाला हिशेबाने ७.८ मिलिसेकंद लागतात, पण चिपचा आतला घड्याळी वेग १० टक्के इकडेतिकडे असू शकतो. अंदाजावर थांबायचे नसेल तर तेच रजिस्टर वाचत राहा. पहिला बिट १ झाला की रीडिंग तयार.
३. पत्ता ७२ ला एक बाइट लिहा: ०.
४. दोन बाइट वाचा. आधी वरचा येतो, मग खालचा.
५. ते जोडून १६ बिटांची चिन्हासह संख्या बनवा आणि ५.२०८ मिलिअँपिअरने गुणा.

पाचव्या पायरीवर सगळ्यात जास्त लोक अडकतात. रीडिंग टूज कॉम्प्लिमेंटमध्ये असते, उणे एक हा ६५५३५ म्हणून येतो. उनोवर साधा इंट हा प्रकार १६ बिटांचा आहे, म्हणून तिथे दोन बाइट जोडले की चिन्ह आपोआप बरोबर येते. तोच प्रोग्रॅम इएसपी३२ वर नेला की इंट ३२ बिटांचा होतो. चार्जिंग सुरू होताच स्क्रीनवर ३४१ अँपिअर झळकतात. अशा वेळी वायरिंगला हात लावू नका, व्हेरिएबलचा प्रकार १६ बिटांचा, चिन्हासहित असा जाहीर करा.

अडाफ्रुटची तयार लायब्ररी वापरली तर हे बिट जुळवावे लागत नाहीत, तिच्यात शून्य-एक आणि दोन-तीन जोड्यांची स्वतंत्र फंक्शन आहेत. पण गेन स्वतः सोळावर, म्हणजे ±०.२५६ च्या पट्टीवर, न्या. लायब्ररी न सांगता ±६.१४४ ची पट्टी घेते. तिथे एक काउंट १२५ मिलिअँपिअरचा, आणि ‘१६ बिट असूनही रीडिंग उड्या मारते’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते.

अखंड मोड वापरून जोड्या बदलत असाल तर एक रीडिंग टाकून द्या. नवा आदेश चालू रूपांतर संपल्यावरच लागू होतो, त्यामुळे बदलल्याबरोबर वाचलेला आकडा आधीच्या जोडीचा असतो. एकाहून जास्त जोड्या असतील तर एकेरी मोडच सरळ पडतो.

तपासणी

शंट जोडण्याआधी दोन्ही इनपुट पिना एकमेकींना जोडा आणि १०-१० किलोओहमच्या डिव्हायडरने सप्लायच्या मध्यावर ठेवा. रीडिंग शून्याच्या आसपास, काही काउंटांच्या आत हवे. मग तो जोड ग्राउंडजवळ आणि सप्लायजवळ न्या. आकडा फार हलला नाही तर कॉमन-मोड ठीक आहे. या वेळी प्रत्येक आकडा १६ च्या पटीतच येत असेल, तर मॉड्यूलवर एडीएस१११५ नसून तिची १२ बिटांची बहीण एडीएस१०१५ बसलेली आहे. स्वस्त मॉड्यूलमध्ये हे घडते. परत करा.

मग शंट जोडा, लोड बंद ठेवून शून्य टिपून घ्या. आता मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब लावा आणि ओळीत मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवा. साडेचार अँपिअरच्या आसपास करंट जाईल, काउंट ८८० च्या जवळपास येतील. काउंटचे अँपिअर करणारा गुणक मल्टिमीटरवरूनच ठरवा, बल्बच्या वॅटवरून नाही. बल्ब नुसता पेटवल्यावर मिनिटभर थांबा, थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी जास्त ओढते. शंटवर ०.५ वर्ग छापलेला असेल तर त्याची स्वतःची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते. फिल्टरची आणि चिपच्या गेनची चूक त्याच गुणकात जिरते.

मापनाच्या दोन तारांची अदलाबदल करून पाहा. चिन्ह फिरायला हवे आणि आकडा तोच राहायला हवा. दोन आकड्यांच्या मापात फरक पडला तर त्या फरकाचा अर्धा भाग हा शून्याचा सरक आहे.

इन्व्हर्टर चालू असताना रीडिंग नाचते, कारण ५० हर्ट्झचा इन्व्हर्टर बॅटरीतून १०० हर्ट्झच्या लाटांनी करंट ओढतो. वेग ८ वर आणला तर चिपचा फिल्टर ८ च्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी पूर्ण कापतो. १०० त्या पटीत बसत नाही, तरी बरेच दबते. आमची पसंती उलटी आहे. वेग ८६० ठेवायचा आणि कंट्रोलरच्या घड्याळाने बरोबर १०० मिलिसेकंदांत जेवढी रीडिंग येतील तेवढ्यांची सरासरी घ्यायची. ‘८६ रीडिंग’ असे मोजू नका, चिपचा वेग १० टक्के सरकू शकतो हे वर आलेच आहे.

चार्ज-डिस्चार्ज दोन्ही नेमके हवे असतील तर

चिपचा सप्लाय वेगळा करा. बी०५०५एस सारखा ५ व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारा आयसोलेटेड कन्व्हर्टर आणि आय-टू-सी साठी आयएसओ१५४० आयसोलेटर, एवढ्याने भागते. आयसोलेटरच्या दोन्ही बाजूंना पुल-अप लागतात. चिपच्या बाजूला मॉड्यूलचे आहेतच, कंट्रोलरच्या बाजूला ४.७ किलोओहमचे दोन लावा. चिपच्या सप्लायवर १० आणि १० किलोओहमचा डिव्हायडर, मध्यावर १ मायक्रोफॅरड, आणि तो मध्य एक क्रमांकाच्या पिनेला. चिपचा ग्राउंड आता शंटला अजिबात जोडायचा नाही. शंटचे बॅटरीकडचे टोक चिपच्या नजरेतून अडीच व्होल्टवर येते आणि शून्य क्रमांकाची पिन त्याच्या वरखाली मोकळेपणी फिरते.

जोडून झाल्यावर एक क्रमांकाची पिन आणि चिपचा ग्राउंड यांच्यात मल्टिमीटर लावा. २.५ व्होल्ट दिसले तर काम झाले. शून्याजवळ काही दिसले तर कुठेतरी दोन ग्राउंड अजून जोडलेले आहेत. बहुधा आयसोलेटरला बगल देऊन गेलेली एखादी ग्राउंडची जंपर वायर सापडते.

हीच मध्यावर बांधण्याची युक्ती थर्मोकपलला लागते. त्याची दोन्ही टोके अधांतरी असतात, डीसीला कुठेच आधार नसतो, म्हणून रीडिंग तरंगत एका टोकाला जाऊन आदळते. एक तार मध्यावर बांधली की ते स्थिर होते. के प्रकाराचा थर्मोकपल अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो, म्हणजे एक काउंट ०.१९ अंशाचा. मात्र थर्मोकपलचे टोक यंत्राच्या धातूला वेल्ड केलेले असेल आणि ते यंत्र तुमच्याच ग्राउंडवर असेल, तर मध्य बांधण्याचा उपयोग नाही. तिथेही आयसोलेशनच लागेल.

लोड सेलच्या ब्रिजचे कॉमन-मोड आपोआप सप्लायच्या मध्यावर येते, त्यामुळे जोडणी सोपी. पण २ मिलिव्होल्ट प्रतिव्होल्टचा सेल ३.३ व्होल्टवर पूर्ण भाराला ६.६ मिलिव्होल्टच देतो, म्हणजे ८४५ काउंट. ५० किलोच्या सेलवर एक काउंट ५९ ग्रॅमचा. किराणा तोलायला हे चालणार नाही, तिथे २४ बिटांची एचएक्स७११ लावा.